मांजर बाहेर फिरणारं असेल तर कोल्ह्याच्या आधी संध्याकाळ सांभाळा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून शिरूर तालुक्यात शेतावर राहायला आलात, घराच्या तीन बाजूंनी ऊस, तीन मांजरं दिवसरात्र मोकळी. गेल्या आठवड्यात त्यातलं एक रात्री जेवायला आलंच नाही, दुसऱ्या दिवशी बांधावर थोडे केस सापडले, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही उसाच्या कडेला कोल्ह्यासारखं काहीतरी बघितलं होतं. आता राहिलेली दोन कोल्ह्यापासून कशी वाचवायची, कंपाउंडला जाळी मारली तर भागेल का, कुत्रं पाळावं का, वनखातं कोल्हा पकडून नेईल का, हे तुम्हाला विचारायचंय. आणि त्यांना जन्मभर घरात कोंडायचं तुमच्या जिवावर येतंय.

मी जनावरांचा डॉक्टर आहे, जुन्नर, आंबेगाव, शिरूर याच पट्ट्यात इतकी वर्षं काम करतोय. गाई-म्हशी जास्त, पण कुत्री-मांजरंही रोज येतात, आणि हा प्रश्न मला वस्तीवरची माणसं गोठ्यात उभं राहून कायम विचारतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तुमचा खरा प्रश्न कोल्हा हा नाहीये, मांजर कुठल्या वेळेला बाहेर आहे हा आहे. दिवस मावळायच्या आत मांजर आत आणि सकाळी चांगलं उजाडल्यावर बाहेर, एवढं एक जमवलंत तर कोल्हा, बिबट्या, रात्रीच्या कुत्र्यांच्या टोळ्या, गाड्या, साप या सगळ्यांचा धोका एकदम खाली येतो. जाळी, लाईट, कुत्रं हे सगळं त्याच्या नंतरचं. आणि हो, यात बरंच काही तुमच्या जागेवर अवलंबून आहे, ते पुढे जिथल्या तिथे सांगतो.

आधी नेमकं कोण आहे ते बघू. तुम्ही पाहिलेलं जनावर गावठी कुत्र्यापेक्षा जरा लहान, राखाडी-पिवळसर, शेपूट झुपकेदार, आणि दिवेलागणीला उसातून दोन-चार जणांची कोल्हेकुई ऐकू येत असेल तर तो कोल्हाच. वजन आठ ते दहा-अकरा किलो. आपलं गावठी मांजर तीन-साडेतीन किलोचं, दांडगा बोका असला तर साडेचार. म्हणजे कोल्हा मांजर मारू शकतो, मारतोही, विशेषतः दोघं मिळून असले आणि मांजर मोकळ्या रानात झाडापासून लांब सापडलं तर. पण त्याचं रोजचं खाणं म्हणजे उंदीर, घुशी, खेकडे, बोरं, मेलेली जनावरं आणि पोल्ट्रीवाल्यांनी बाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या. नखं काढून उभ्या राहिलेल्या मोठ्या मांजराशी तो उगाच भांडत नाही, कारण डोळ्याला एक नख लागलं तरी त्याची शिकार बसते. त्याला मेलेलं मांजर सापडलं तर मात्र तो ते उचलून नेतो, आणि रस्त्यावर गाडीखाली गेलेल्या कितीतरी मांजरांचा आळ असाच कोल्ह्यावर येतो.

माळरानावर दिसणारं खोकड त्याहून वेगळं. ते दोन-तीन किलोचं, बारीक पायांचं, लांब कानांचं, शेपटीचं टोक काळं. किडे, उंदीर, सरडे हे त्याचं खाणं, मोठ्या मांजराच्या वाटेला ते जात नाही, आणि दाट उसात सहसा नसतंच. तुमच्याकडे उसाच्या कडेला दिसलं म्हणजे ते बहुतेक खोकड नव्हतं. तुम्ही जे लिहिलंय की इंटरनेटवर वाचलं, मोठ्या मांजराला कोल्हे काही करत नाहीत, ते बहुतेक इंग्लंडमधल्या लाल कोल्ह्याबद्दल असणार, तो पाच-सात किलोचा असतो आणि मांजर बघून बहुतेक वेळा बाजूला होतो. तिकडे लंडनला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तो सल्ला चालेल. अमेरिकेत ज्यांच्याकडे कायोटी, म्हणजे तिकडची कोल्ह्यासारखीच रानटी जनावरं, फिरतात त्यांना अजिबात चालणार नाही, कारण कायोटी मांजरं खरोखर उचलतात. आणि आपल्या ऊसपट्ट्यालाही चालणार नाही, कारण इथे यादी कोल्ह्यावर संपत नाही.

यादीत सगळ्यात वर माझ्या अनुभवात कुत्री आहेत. मोकाट म्हणा, शेजारच्या वस्तीवरची रात्री सोडलेली म्हणा. माझ्याकडे फाटलेली, चावलेली जी मांजरं येतात त्यात सगळ्यात जास्त कुत्र्यांची. एकटं कुत्रं मांजराच्या मागे धावतं आणि झाडाखाली भुंकत बसतं, पण तीन-चार जमली की एक पुढून, एक मागून, आणि मांजर बांधावरच संपतं. खायला नाही, मारून टाकून देतात. त्यामुळे मेलेलं मांजर तिथंच पडलंय, केस लाळेने चिकटलेत, चेंगरलंय पण खाल्लेलं नाही, असं दिसलं तर कोल्ह्याला दोष देऊ नका. मांजर पूर्णपणे गायब झालंय, थोडे केस तेवढे उरलेत, तर कोल्हा किंवा बिबट्या, किंवा मेल्यावर कोणीतरी ओढून नेलंय. तुमच्या वर्णनावरून नक्की कोण ते मला इथून सांगता येणार नाही. बांधावरच्या ओल्या मातीत ठसे बघा. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या ठशात पुढे नखांचे टोचे उमटतात, बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत आणि ठसा तुमच्या मांजराच्या ठशासारखाच पण दुपटीहून मोठा, गोलसर असतो. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो.

बिबट्याचं नाव काढलं म्हणून घाबरू नका, पण शिरूरला उसात राहून तो नाहीच असं समजून चालणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि या भागात बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात निघालं की त्याच्या खाण्यातला वजनाने 87 टक्के भाग पाळीव जनावरांचा आहे, आणि एकट्या कुत्र्यांचाच 39 टक्के. त्या खाण्यात मांजरंही होती. मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेळ्यांचा वाटतो. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याच्या खाण्यात त्यांचा वाटा फक्त 11 टक्के. कारण साधं आहे, शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी. शेळी काही कुत्र्यापेक्षा चपळ नाही, ताकदवान नाही, तिला फक्त रात्री दार लावलेलं असतं. मांजराच्या बाबतीत मी इतका रात्र-रात्र का करतो ते यावरून लक्षात येईल.

आता ते जमवायचं कसं. मांजराला उचलून आणून खोलीत कोंडायचं हा मार्ग चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी ते संध्याकाळी तुमच्या हाताला लागत नाही. त्याला आपणहून यायची सवय लावायची, आणि ती खाण्यातूनच लागते. सकाळचं जेवण थोडं कमी करा, मुख्य जेवण संध्याकाळी, घराच्या आत, आणि सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी. घड्याळाला बांधून घेऊ नका, कारण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि मे-जूनमध्ये सातनंतर. एकच भांडं, एकच आवाज, रोज तोच. आमच्या भागात एक आजी आहेत, उसाच्या अगदी कडेला वस्ती, त्या रोज उन्हं कलली की ओट्यावर येऊन सुकटीचा स्टीलचा डबा चमच्याने वाजवतात, तीनदा वाजवायचा, थांबायचं, परत तीनदा. एक मांजर गव्हाणीतून येतं, एक पत्र्यावरून उडी मारतं, एक उसाच्या सरीतून शेपूट वर करून पळत येतं, सगळी आत गेली की आजी मोजतात आणि कडी घालतात. त्यांच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर मांजर टिकत नाही, आजींकडची म्हातारी होतात.

सुकट, बोंबील, उकडलेल्या चिकनचं पाणी, जे तुमच्या मांजराला सगळ्यात आवडतं ते फक्त संध्याकाळच्या वेळेसाठी राखून ठेवा, दिवसभर देऊ नका. सुकट खारट असते म्हणून चिमूटभरच, वास पुरेसा आहे. पहिले आठ-दहा दिवस ती रात्री दाराशी ओरडतील, दार खरवडतील. दार उघडलंत की संपलं, त्यांना कळतं की ओरडलं की उघडतं. आत मातीची किंवा लाकडाच्या भुशाची पाटी ठेवा घाणीसाठी, पाणी ठेवा, वर चढून बसायला एखादी फळी ठोका. झोपायच्या आधी दहा मिनिटं दोरीला कापडाचा बोळा बांधून खेळवा, म्हणजे अंगातली रग जिरते. बहुतेक मांजरं दोन-तीन आठवड्यांत रुळतात. जी जन्मापासून उघड्यावर वाढलेली, अर्धी रानटी झालेली असतात त्यांना जास्त वेळ लागतो, आणि एखादं कधीच येत नाही, त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो, तो पुढे सांगतो. सकाळी सोडताना घाई नको, पहाटे कुत्र्यांच्या टोळ्या फिरत असतात, ऊन अंगणात आलं की सोडा.

तुम्हाला जन्मभर कोंडायचं नव्हतं ना, मग हे कोंडणं नाही. मांजर दिवसातला बराच मोठा भाग तसंही झोपून काढतं, आपण ती झोप रात्रीवर सरकवतोय एवढंच. सकाळी ते मोकळंच आहे, बांधावर बसेल, उंदीर धरेल, उन्हात लोळेल. एक फायदा असा की रात्री घरट्यात बसलेले पक्षी आणि सशाची पिल्लंही वाचतात, आणि याचा विचार आपण मांजर पाळणाऱ्यांनी करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जाळीबद्दल. अख्ख्या शेताच्या कंपाउंडला जाळी मारून मांजर वाचत नाही, हे स्पष्ट सांगतो, तो खर्च करू नका. मांजर वरून बाहेर जातं, कोल्हा खालून उकरून आत येतो, बिबट्याला सहा-सात फुटाची भिंत काहीच नाही. जाळी मारायचीच तर छोट्या जागेला मारा, पडवीला किंवा घराला लागून एखाद्या कोपऱ्याला, आणि ती नीट मारा. कोंबड्यांची ती षट्कोनी पातळ जाळी कुत्रं दातांनी फाडतं, ती नको. एक इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची लोखंडी जाळी घ्या, लोखंडी अँगलला वेल्डिंग करून किंवा जाड पट्टीने दाबून बसवा, वरचं छप्पर पूर्ण बंद पाहिजे, आणि खाली जाळी एक-दीड फूट जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीलगत वाकवून वर दगड-माती टाका, म्हणजे उकरणाऱ्याला जाळीच लागते. कडी बाहेरून दाबली तर उघडणार नाही अशी. एवढं केलं की दिवसाउजेडी तुम्ही घरी नसताना, आणि कोल्हा-कुत्र्यांसाठी रात्रीही, ती जागा चांगली. पण तुमच्या आसपास बिबट्याचा वावर असेल तर रात्री मांजर जाळीत नाही, भिंतीच्या आत ठेवा. जाळीतून मांजर दिसतं, वास येतो, बिबट्या येऊन पंजा मारत बसतो, घाबरून मांजर जाळीला चिकटतं आणि जाळीतूनच जखमी होतं, आणि तुमच्या ओट्यापाशी रोज रात्री बिबट्या येणं हे तुमच्या पोराबाळांसाठी जास्त वाईट. वनखातंसुद्धा गुरांसाठी बंदिस्त गोठाच सांगतं, उघडं कुंपण नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, मांजराला सुतळीने किंवा साखळीने अंगणात बांधून ठेवू नका. पळून जाणार नाही म्हणून लोक बांधतात, पण पळणं आणि चढणं एवढंच तर त्याच्याकडे आहे, तेच आपण काढून घेतो.

जे मांजर काही केल्या आत येत नाही त्याच्यासाठी वर चढायच्या जागा करा. कुत्र्यांपासून तरी वाचेल. घरापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत असं कुठेही पाच-सात ढांगांत काहीतरी चढण्यासारखं असलं पाहिजे. गोठ्याच्या मोकळ्या खांबाला काथ्याची दोरी गुंडाळली की त्याला नखं धरतात, वर फळी ठोका. भिंतीत सहा इंची भोक ठेवायची पद्धत आहे जुन्या घरांत, ते दिवसा पळवाट म्हणून छान, पण रात्री त्याला झाकण पाहिजे, नाहीतर अंगाने बारीक असलेलं दुसरं जनावर त्याच वाटेने आत येतं. घराच्या भोवती वीस-पंचवीस फूट तरी मोकळं ठेवा. ऊस अगदी भिंतीपर्यंत लावू नका, चार सऱ्या कमी झाल्या तरी चालतील. घाणेरी, गाजर गवत, पाचटाचे ढीग काढून टाका, दबा धरायला जागा राहत नाही आणि सापही कमी होतात.

ऊसतोड सुरू झाली की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ते पार मार्च-एप्रिलपर्यंत, जास्त जपा. जे काही उसात राहत होतं, कोल्हे, रानमांजरं, पिल्लं घेऊन बसलेली बिबट्याची मादी, ते सगळं उघड्यावर येतं आणि जागा शोधत फिरतं. तुमच्या शेजारचा फड तुटणार असेल त्या आठवड्यात मी तर मांजर दिवसाही आतच ठेवा म्हणेन.

आता जे जनावरांना बोलावून आणतं ते बंद करा. मांजराची वाटी रात्री बाहेर ठेवू नका. खरकटं, मटणाची हाडं बांधावर टाकू नका. जवळपास पोल्ट्री असेल आणि ते मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकत असतील तर त्यांच्याशी बोला, खड्डा करून चुना टाकून पुरायला सांगा, गावात चार माणसं घेऊन सांगा. कारण हा एक उकिरडा दोन-चार किलोमीटरवरून कुत्री आणि कोल्हे ओढतो आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. मी जिथे जिथे वस्तीवर वारंवार मांजरं जाताना बघितलीत तिथे बहुतेक वेळा जवळच असा काहीतरी फेकायचा खड्डा होता.

वास मारून कोल्हा पळवायचे जे उपाय सांगतात, घराभोवती फिनाईल शिंपडा, डांबरगोळ्या टाका, ते करूच नका. फिनाईल मांजराला फार लागतं. ते पाय चाटून साफ करतं, पायाला लागलेलं पोटात जातं, आणि मांजराचं लिव्हर असली रसायनं नीट पचवू शकत नाही. डांबरगोळ्यांचंही तेच. कोल्हा मात्र दोन दिवस लांब राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून चालत येतो. हालचालीवर लागणारा लाईट थोडे दिवस उपयोगी पडतो, त्यातही आपल्याकडे रात्रीची वीज कधी असते कधी नाही, सोलरचा घेतलात तर बरं, पण त्याच्या भरवशावर मांजर बाहेर ठेवू नका. मांसात थायमेटसारखं कीटकनाशक किंवा उंदराचं औषध घालून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो सरळ गुन्हा आहे. कोल्हा, खोकड, रानमांजर, बिबट्या सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, फासे लावणंही त्यातच आलं, आणि ते विष सगळ्यात आधी तुमचंच मांजर किंवा शेजाऱ्याचं कुत्रं खातं. विषाने तडफडत आलेली जनावरं मी बघतो, हात टेकायला लागतात.

कुत्रं पाळावं का? मांजराबरोबर लहानपणापासून वाढलेलं शांत कुत्रं असेल तर दिवसा उपयोग होतो, कोल्हा आणि परकी कुत्री अंगणात येत नाहीत. पण बिबट्याच्या भागात रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला घराचा पत्ता देणं, वरचा 39 टक्क्यांचा आकडा आठवा. कुत्रं पाळलंत तर त्यालाही रात्री आत. निव्वळ मांजराच्या राखणीसाठी कुत्रं आणू नका असं माझं मत आहे.

नसबंदीचं बोलतो, कारण हे कोणी प्रश्नात विचारत नाही आणि फरक मात्र खूप पडतो. खच्ची न केलेला बोका भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या, वासाने रात्री किलोमीटर-दीड किलोमीटर लांब जातो, रस्ते ओलांडतो, दुसऱ्या बोक्यांशी भांडतो, आणि त्या धुंदीत त्याचं आजूबाजूला लक्ष नसतं. माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते, तिला कोंडणं अवघड. पाच-सहा महिन्यांची झाली की दोघांचीही नसबंदी करून घ्या, संध्याकाळी आत यायची सवय त्यानंतर फार सोपी लागते. तुमची दोन्ही केलेली नसतील तर जाळीच्या पैशातून आधी हे करा. आणि पिल्लं असतील तर चार-पाच महिन्यांची होईपर्यंत बाहेर सोडूच नका, त्यांना घारीपासून मोठ्या घुबडापर्यंत, घोरपडीपासून परक्या बोक्यापर्यंत सगळेच वैरी.

रेबीजची लस दोघांनाही दरवर्षी. कोल्ह्याला रेबीज होतो, कुत्र्याला तर होतोच, आणि चावलेलं मांजर तुमच्या मांडीवर येऊन बसतं. ज्या मांजराला चावलंय त्याला हाताळताना तुम्हाला बोचकारलं, चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, मांजर आपलंच आहे म्हणून थांबू नका. दिवसाढवळ्या अंगणात येऊन माणसाला न घाबरणारा, तोल जाणारा, लाळ गाळणारा कोल्हा दिसला तर पोरं आत घ्या आणि वनखात्याच्या 1926 या टोल फ्री नंबरवर कळवा.

साधा, धडधाकट कोल्हा वनखातं पकडून नेईल का? नाही, आणि नेऊही नये. जागा आणि खाणं आहे तिथे एक गेला की दुसरा येतो. तुमच्या उसातले उंदीर आणि घुशी तोच कमी करतो, हे विसरू नका. बिबट्या रोज घराजवळ येत असेल तर मात्र जरूर कळवा. या भागात माणसांवरही हल्ले झालेत, तिथे मांजराचा प्रश्न बाजूला राहतो आणि घरातल्या लहान मुलांचा पहिला येतो.

आता चावलेलं मांजर घरी आलं तर काय. हे नीट वाचा, कारण इथे वेळ जातो आणि मांजर जातं. कुत्र्याने धरलेल्या मांजराच्या अंगावर बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मागे एका वस्तीवरून तांबूस बोका आणला होता, पाठीवर दोन बारीक भोकं, त्यावर केस वाळून चिकटलेले, घरच्यांनी हळद भरलेली, चालत होता म्हणून दोन दिवस घरीच ठेवलेला. मशीनने केस काढले तर पाठीपासून पोटापर्यंत कातडी जांभळी-काळी, बोटाने दाबलं की आतून चरचर आवाज, कातडी खालच्या मांसापासून सुटलेली आणि आत पू. कुत्रं धरून हलवतं तेव्हा कातडी तशीच राहते आणि आतलं सगळं चिरडतं, बरगडी मोडते, छाती आणि पोटामधला पडदा फाटतो. म्हणून भोक लहान असो, मांजर चालत असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, मांडीवर घेऊन मोटरसायकलवर आणायचं नाही. जखमेत हळद, चुना, कॉफी काही भरायचं नाही. क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉल द्यायची नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. तोंड उघडून धापा टाकत असेल तर खाऊपिऊ न घालता ताबडतोब निघा.

राहिलं तुमचं हरवलेलं मांजर. केस सापडले म्हणजे ते गेलंच असं मी धरून चालणार नाही, भांडणातही केस उपटले जातात आणि घाबरलेलं मांजर कुठेतरी गप्प दडून बसतं, आठवडाभरही. शेजाऱ्यांच्या कांदाचाळी, खताची गोडाऊनं, बंद पडलेला पंप हाऊस, ट्रॉलीखाली, पत्र्याच्या आणि भिंतीच्या सांदीत बघा. कांदाचाळीत तर मालक दार लावून जातो आणि मांजर आत अडकतं, हे मी कितीदा ऐकलंय. दुपारी शांत असताना त्याचाच डबा वाजवत फिरा, थांबून ऐका. मात्र उसाच्या सऱ्यांत आत शिरू नका, आणि संध्याकाळी तर एकटं अजिबात नाही, दोघांनी मिळून, दिवसा, बोलत बोलत बांधानेच फिरायचं. सापडलं तर वर सांगितल्याप्रमाणे आधी तपासून घ्या. ठशांचे फोटो मिळाले तर इथेच टाका, बघून सांगतो.

बाकीच्या दोघांना आज संध्याकाळपासूनच आत घ्यायला लागा, जाळीचं काम सावकाश होऊ दे.